गोठवलेले ताट

अन्न टिकविण्याची खटपट मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. आपल्या घरांतून पापड, सांडगे, लोणची आणि मुरंबे होत आले; किनाऱ्यावर बांगडा खारवून आणि बोंबील वाळवून पावसाळ्याची बेगमी होत आली. या साऱ्या युक्त्यांत एक गोष्ट मात्र समान असे. टिकविलेला पदार्थ मूळच्या पदार्थाहून निराळा होऊन जाई. कैरीचे लोणचे म्हणजे कैरी नव्हे आणि सुका बांगडा म्हणजे ताजा बांगडा नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जी वस्तू दुकानांतून विकावयास आली, तिचा दावा याहून मोठा होता. एखादा पदार्थच नव्हे, तर मांस, भाजी, बटाटे आणि रस्सा असे वाढलेले अख्खे ताट जसेच्या तसे टिकवून ठेवता येते, असा तो दावा होता. हे ताट विकत घ्यावे, घरच्या शीतकपाटात ठेवावे, आणि मनास येईल त्या दिवशी तापवून खावे. लोक त्यास 'टीव्ही डिनर' म्हणू लागले. या गोठवलेल्या ताटाचा जन्म कसा झाला, ते लोकांस इतके प्रिय का झाले, आणि त्याने जेवणाच्या रीतीत कोणता पालट घडविला, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम गोठविण्याच्या क्रियेकडे वळू. अन्नात पाण्याचा अंश पुष्कळ असतो. पाणी गोठले म्हणजे त्याचे बर्फ होते आणि त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. ही क्रिया सावकाश झाली, तर बर्फाचे मोठे व टोकदार स्फटिक तयार होतात आणि ते मांसाच्या अथवा भाजीच्या पेशी फाडून टाकतात. असा पदार्थ पुन्हा नरम झाला की त्यातील रस वाहून जातो आणि हाती राहतो तो बेचव चोथा. म्हणून जुन्या काळी गोठवलेल्या मासळीस कोणी चांगले म्हणत नसे. परंतु हीच क्रिया अतिशय जलद घडविली, तर स्फटिक बारीक राहतात, पेशी बव्हंशी शाबूत राहतात, आणि पदार्थाची चव पुष्कळशी टिकते.

हे तत्त्व व्यवहारात उतरविण्याचे श्रेय क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन गृहस्थाकडे जाते. त्याचा जन्म १८८६ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. १९१२ नंतर काही वर्षे तो कॅनडाच्या ईशान्येकडील लॅब्राडोर या अतिथंड प्रदेशात होता. तेथील मूळ रहिवासी बर्फाखालून मासे धरीत, आणि बाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यात ते मासे पाहता पाहता कडक गोठून जात. कित्येक आठवड्यांनी शिजविले तरी ते ताज्या माशांसारखे लागत. ही गोष्ट तेथील लोकांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. बर्ड्सआयने केले ते एवढेच, की जे काम लॅब्राडोरचा वारा करीत असे, ते कारखान्यात यंत्राकडून करून घेतले. अतिथंड केलेल्या धातूच्या दोन पत्र्यांमध्ये अन्नाची खोकी दाबून धरावयाची, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी झपाट्याने गोठतात, ही त्याची युक्ती. मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात त्याने आपला कारखाना चालविला. १९२९ साली त्याचा धंदा सुमारे २ कोटी २० लाख डॉलरांस विकला गेला, आणि ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातील निवडक दुकानांतून गोठवलेले मटार, पालक, फळे, मांस व मासळी यांची किरकोळ विक्री प्रथम सुरू झाली.

आरंभी या मालास उठाव बेताचाच होता. दुकानदारांपाशी तो ठेवावयास योग्य कपाटे नव्हती आणि गिऱ्हाइकांच्या घरीही नव्हती. पुढे दुसऱ्या महायुद्धाने परिस्थिती पालटली. १९४२ च्या प्रारंभी जपानने मलाया काबीज केला, तेव्हा अमेरिकेस येणारे कथिल आटले. डबाबंद अन्नाच्या डब्यांस कथिलाचा मुलामा लागे. तो युद्धकाळात महाग आणि दुर्मिळ झाला. गोठवलेले अन्न मात्र साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरता येई. अशा रीतीने मलायातील खाणींवर ओढवलेल्या प्रसंगामुळे अमेरिकन गृहिणीस गोठवलेल्या मटारांची सवय लागली. युद्ध संपल्यावर लोकांच्या हाती पैसा खेळू लागला, आणि गोठवणीचा खण असलेली मोठी शीतकपाटे घरोघर आली.

आता सुट्या पदार्थांवरून पूर्ण ताटाकडे येऊ. पहिले गोठवलेले ताट बैठकीच्या खोलीत अवतरले नाही. ते आकाशात अवतरले. युद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, विल्यम मॅक्सन यांच्या कंपनीने विमानप्रवासासाठी मांस, भाजी व बटाटे यांचे निरनिराळे कप्पे असलेली ताटली गोठवून तयार केली. लांबच्या प्रवासात सैनिकांस गार शिधा खावा लागे. त्याऐवजी गरम जेवण देता यावे, हा तिचा हेतू. १९४७ साली मॅक्सन वारले आणि हे काम खुंटले. त्यानंतर १९४९ साली पिट्सबर्ग शहरात अल्बर्ट आणि मेयर बर्नस्टीन या बंधूंनी ॲल्युमिनियमच्या तीन कप्प्यांच्या ताटात जेवणे गोठवून विकण्यास प्रारंभ केला. १९५० पर्यंत त्यांनी आपल्या भागात सुमारे ४ लाख ताटे खपविली. म्हणजे या वस्तूचे सर्वांत प्रसिद्ध नाव बाजारात येण्यापूर्वीच ती वस्तू अस्तित्वात आली होती.

ते प्रसिद्ध नाव म्हणजे स्वॉन्सन. कार्ल स्वॉन्सन हा स्वीडनहून अमेरिकेत आलेला तरुण नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी स्थायिक झाला, आणि अंडी, लोणी व कोंबड्या यांच्या व्यापारात त्याने मोठा जम बसविला. १९४९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर गिल्बर्ट आणि क्लार्क हे पुत्र धंदा पाहू लागले. या कंपनीचा मुख्य माल टर्की. टर्की हा कोंबडीच्या कुळातला, पण आकाराने कितीतरी मोठा पक्षी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी उपकारस्तुतीचा सण असतो, आणि त्या दिवशी घरोघर अखंड टर्की भाजण्याची रीत आहे.

येथे एक कथा सांगितली जाते. १९५३ च्या सणात टर्कीची मागणी अपेक्षेपेक्षा कमी झाली आणि कंपनीपाशी ५ लाख २० हजार पौंड मांस शिल्लक उरले. ते ठेवावयास शीतगृहात जागा नव्हती, म्हणून शीतकरणाची सोय असलेल्या दहा रेल्वे वाघिणींत ते भरले. गाडी धावती असेल तोवरच वाघिणींतील यंत्र चाले. सबब ही टर्कीने भरलेली गाडी ओमाहाहून पूर्वेकडे आणि पूर्वेकडून परत ओमाहाकडे अशी येरझारा घालीत राहिली. तेव्हा जेरी थॉमस नावाच्या विक्रेत्याने विमानातील ताट पाहून तीन कप्प्यांच्या ताटाची कल्पना मांडली, असे त्याचे स्वतःचे म्हणणे होते. थॉमस २००५ मध्ये वारला. त्याच्या हयातीतच या कथेविषयी वाद माजला होता. ही कल्पना स्वॉन्सन बंधूंचीच होती, असे त्यांच्या घराण्यातील मंडळी आणि कंपनीतील काही जुने सहकारी सांगत. ती कोणाचीही असो, मॅक्सन आणि बर्नस्टीन यांची ताटे आपण आताच पाहिली असल्यामुळे, एका माणसाने एका रात्रीत हा शोध लावला असे म्हणण्यास जागा उरत नाही. स्वॉन्सनपाशी दोन गोष्टी होत्या, ज्या त्याच्या पूर्वसूरींपाशी नव्हत्या. एक, देशभर पसरलेले विक्रीचे जाळे. आणि दुसरी, काळाची नाडी ओळखणारे एक नाव.

पहिल्या ताटात काय होते? मक्याच्या पावाच्या सारणावर मांडलेले टर्कीचे काप व वर घट्ट रस्सा, दुसऱ्या कप्प्यात मटार, तिसऱ्यात रताळी. किंमत ९८ सेंट. त्या वेळच्या विनिमयाच्या दराने साधारण पावणेपाच रुपये. खोक्यावरील चित्र दूरचित्रवाणीच्या संचासारखे, खाली फिरवावयाच्या कळा आणि मधोमध पडद्याच्या जागी जेवणाचे ताट. १९५० साली अमेरिकेतील शंभर घरांपैकी सुमारे नऊ घरांत दूरचित्रवाणी होती. १९६० साली सुमारे सत्त्याऐंशी घरांत ती पोहोचली. या लाटेवर स्वॉन्सनचे ताट स्वार झाले. कंपनीने प्रथम अवघी ५,००० ताटे काढावयाचे ठरविले होते. पण १९५४ या पहिल्या पूर्ण वर्षात खप एक कोटीवर गेला असे सांगतात. १९५५ साली कॅम्पबेल सूप या बड्या कंपनीने स्वॉन्सनचा धंदा विकत घेतला.

विक्रेत्यांच्या वादात एका व्यक्तीचे नाव मागे पडते, ते बेटी क्रोनिन यांचे. त्या सूक्ष्मजंतुशास्त्र शिकलेल्या होत्या आणि विशीतच स्वॉन्सन कंपनीत काम करू लागल्या होत्या. ताटाची कल्पना कोणास सुचली हे सांगता येवो न येवो, ते खाण्याजोगे करण्याचे अवघड काम मोठ्या अंशी त्यांच्या वाट्यास आले. अडचण कोणती ती स्वयंपाक करणाऱ्यांस लगेच उमगेल. आपण स्वयंपाक करतो तेव्हा भात एका चुलीवर, भाजी दुसऱ्या चुलीवर, आणि प्रत्येकीस हवा तेवढाच वेळ देतो. येथे मांस, मटार आणि बटाटे एकाच ताटात, एकाच ओव्हनमध्ये, एकाच वेळी शिरणार आणि एकाच वेळी बाहेर येणार. ओव्हनची उष्णता सुमारे २२० अंश सेल्सियस, वेळ सुमारे २५ मिनिटे. तेवढ्या वेळात मांसाचा गाभा गरम व्हावयास हवा, पण मटार वाळून कडक होता कामा नयेत. म्हणून प्रत्येक पदार्थ आधी किती शिजवावा, किती जाड कापावा, कोणत्या कप्प्यात किती भरावा, हे पुन्हा पुन्हा करून पाहून ठरवावे लागले. तळलेल्या कोंबडीचे आवरण गोठून पुन्हा तापल्यावर मांसास चिकटून राहावे, यासाठीही बरेच झगडावे लागले.

रस्सा ही आणखी एक डोकेदुखी. गव्हाच्या पिठाने घट्ट केलेला रस्सा गोठून पुन्हा नरम झाला की फाटतो. पाणी एकीकडे आणि गोळे एकीकडे होतात. कॅलिफोर्नियातील ऑल्बनी येथील सरकारी प्रयोगशाळेत हेलन हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. एका चिकट जातीच्या तांदळाचे पीठ वापरले असता रस्सा फाटत नाही, असे त्यांस आढळले. त्याच प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात आणखी एक मोठे काम झाले. गोठवलेले अन्न कोणत्या तापमानात किती काळ चांगले राहते, याची तेथे शेकडो नमुन्यांवर परीक्षा झाली. शून्याखाली १८ अंश सेल्सियस हे तापमान सतत राखणे अगत्याचे असते, आणि मध्येच ऊब लागून झालेले नुकसान पुन्हा गोठविल्याने भरून येत नाही, हा त्या परीक्षेचा सारांश. आजही तो प्रत्येक घरास लागू आहे. गोठविल्याने जंतू सारे मरत नाहीत, ते निपचित पडतात. ऊब मिळाली की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणून नरम पडलेले पाकीट पुन्हा गोठवून ठेवू नये.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ही ताटे लोकांस का आवडली? ती घरच्या जेवणाइतकी चवदार होती असे त्यांच्या चाहत्यांनीही क्वचितच म्हटले असेल. मग एवढा खप कशाचा होता?

माझ्या मते विकला जात होता तो वेळ. अखंड टर्की भाजावयास कित्येक तास लागतात. मागून भांडी घासावयाची ती वेगळीच. येथे २५ मिनिटांत सणाचे जेवण पुढे येई आणि जेवण झाल्यावर ताट टाकून देता येई. होळीची पुरणपोळी एखाद्या साध्या मंगळवारी, पुरण वाटण्याचे कष्ट न करता मिळावी, तशातला हा प्रकार. १९५० साली अमेरिकेतील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रिया घराबाहेर काम करीत वा शोधीत होत्या, आणि हे प्रमाण पुढे वाढतच गेले. संध्याकाळी दमून परतणाऱ्या स्त्रीस दारात पाऊल टाकताच विचारला जाणारा 'आज जेवावयास काय?' हा प्रश्न किती जड असतो, हे तो ज्यांस विचारला जातो त्यांसच ठाऊक. त्या प्रश्नास ९८ सेंटांत उत्तर मिळाले.

हे सर्वांस रुचले असे मात्र नव्हे. आपल्या बायकांनी पूर्वीसारखे हाताने रांधावे, असे म्हणणाऱ्या पुरुषांची संतापाची पत्रे कंपनीकडे आली, असे थॉमस सांगत असे. या पत्रांत एक गोष्ट नकळत उघड होते. जेवण आयते मिळत होते ते पूर्वीही. फक्त ते आयते होण्यामागे कोणाचे तरी चार तास खर्ची पडत होते, आणि त्या तासांची किंमत कोणी खोक्यावर छापीत नव्हते.

दुसरे आकर्षण ताटाच्या घडणीचे. कप्प्यांमुळे मटार रस्स्यात बुडत नसत, आणि लहान मुलांस हे फार आवडे. प्रत्येकास आपल्या आवडीचे ताट निवडता येई. एकास टर्की, एकास गोमांस, एकास कोंबडी. मासळीचीही ताटे निघाली, आणि त्यांस एक ठरलेले गिऱ्हाईक होते. आम्हा कॅथलिक लोकांत शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची जुनी रीत होती. अमेरिकेतील बिशपांनी वर्षभराच्या शुक्रवारांचे ते सक्तीचे बंधन १९६६ साली सैल केले. तोपर्यंत समुद्रापासून दूर राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांस गोठवलेली मासळी हा मोठाच आधार होता. १९६० साली स्वॉन्सनने चौथा कप्पा जोडून त्यात गोड पदार्थ घातला, आणि ताट खऱ्या अर्थाने परिपूर्ण दिसू लागले. नंतरच्या काळात कंपनीने खोक्यावरून 'टीव्ही' हा शब्द काढून टाकला, पण लोकांच्या तोंडून तो गेला नाही. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात स्वॉन्सनचे ॲल्युमिनियमचे ताट जतन करून ठेवले आहे.

याच घडणीत या ताटाची उणीवही आहे. ते वाटून घेता येत नाही. कुटुंबाच्या जेवणात भांडे मधोमध असते. कोणी थोडे कमी घेतो, कोणास अधिक वाढले जाते. आई आपल्या वाट्याचा तुकडा हळूच धाकट्याच्या ताटात सरकविते. अवचित पाहुणा आला तर आमटीत पाणी वाढते आणि पानही वाढते. कारखान्यातून मोजून आलेल्या ताटात या गोष्टींस जागा नाही. चार माणसांची चार ताटे. पाचवा आला तर त्यास ताट नाही. 'आणखी घ्या' असे म्हणणारे कोणी नाही, कारण आणखी असे काही उरलेलेच नाही.

तरी आरंभीच्या काळात कुटुंब दुभंगले होते असे म्हणता येणार नाही. ओव्हन तापावयास वेळ लागे, म्हणून चारही ताटे एकदमच आत जात आणि एकदमच बाहेर येत. सर्वांची तोंडे पडद्याकडे असली तरी सर्वजण एकाच खोलीत, एकाच वेळी जेवीत. पुढील पालट घडविला तो मायक्रोवेव्ह भट्टीने. रडारच्या संशोधनातून ही भट्टी निघाली. १९४७ साली तिचे पहिले नमुने विक्रीस आले ते कपाटाएवढे थोराड होते. १९६७ साली ओट्यावर मावेल अशी घरगुती भट्टी ४९५ डॉलरांस मिळू लागली, आणि नंतर ती स्वस्त होत गेली. धातूचे ताट या भट्टीस चालत नाही. म्हणून १९८६ साली कॅम्पबेल कंपनीने ॲल्युमिनियम सोडून प्लॅस्टिकचे ताट घेतले.

वरवर पाहता हा पालट केवळ धातूचा आहे. परिणाम मात्र दूरवरचा झाला. मायक्रोवेव्हमध्ये एका वेळी साधारणतः एकच ताट तापते आणि ते काही मिनिटांत तापते. तेव्हा कोणी कोणासाठी थांबावयाचे कारण उरले नाही. मुलगा खेळून आला की त्याने सहाला जेवावे, वडिलांनी आठला, आईने नऊला. दूरचित्रवाणीने कुटुंबास एका दिशेस तोंड करून बसविले होते. या भट्टीने त्यांस निरनिराळ्या वेळी बसविले. कुटुंब विखुरल्याचा सारा दोष एका यंत्रावर टाकणे अन्यायाचे होईल. कामाच्या वेळा, शहरातील अंतरे आणि माणसांच्या आवडी यांचाही त्यात वाटा आहे. पण जी गोष्ट पूर्वी गैरसोयीमुळे टळत होती, ती या यंत्राने सोपी केली, एवढे खरे.

आरोग्याच्या दृष्टीनेही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. गोठविण्याने अन्न निःसत्त्व होते हा समज फारसा बरोबर नाही. मटार शेतातून काढल्यावर लवकरच उकळत्या पाण्यातून अथवा वाफेतून काढून गोठविले, तर त्यातील विकरांचे कार्य थांबते आणि जीवनसत्त्वे चांगली टिकतात; बाजारात चार दिवस पडून राहिलेल्या भाजीपेक्षा ते सरस ठरू शकतात. तयार ताटाचा खरा दोष म्हणजे मीठ आणि चरबी. शिजवून गोठवलेल्या अन्नाची उतरलेली चव सावरण्यासाठी मिठाचा हात सढळ असे. १९७३ मध्ये स्वॉन्सनने भुकेल्या गड्यांसाठी मोठी ताटे काढली, तर १९८१ मध्ये स्टाउफर कंपनीने ३०० कॅलरींहून कमी उष्मांकाची हलकी जेवणे आणली. एकाच शीतकपाटात अति खाण्याची आणि कमी खाण्याची अशी दोन्ही आमिषे शेजारी शेजारी बसली. घेणाऱ्याने खोक्याच्या मागील बाजूस सोडियमचा आकडा वाचून घ्यावा, हे उत्तम.

या कथेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. अमेरिकेतील तसे कप्प्यांचे गोठवलेले ताट आपल्या मुलखात रुजले नाही. आपल्या स्वयंपाकघरांतून ओव्हन नव्हते. वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. कारखान्यापासून घरापर्यंत शीतकरणाची साखळी अखंड ठेवणे दुर्घट होते. आणि शिळ्या अन्नाविषयी आपल्या मनात जुना संकोच आहे. ही कारणे खरी आहेत. परंतु एक कारण आपण सहसा उच्चारीत नाही. तव्यावरची पोळी थेट पानात वाढणारे कोणीतरी घरात होते, म्हणून आपणांस त्या ताटाची गरज भासली नाही. पंगत उठली तरी ते कोणीतरी जेवावयाचे राहिलेलेच असे. अमेरिकन ताटास नाके मुरडताना या गोष्टीचे स्मरण असावे. आपल्या गरम जेवणाचा अभिमान आपण बाळगतो. त्याची किंमत मात्र पुष्कळदा घरातील स्त्रीने मोजलेली असते.

आज आपल्या शहरांतूनही गोठवलेले मटार आणि पराठे मिळतात. परदेशी गेलेली मराठी कुटुंबे भारतीय वाण्याच्या दुकानातून गोठवलेला खवलेला नारळ आणतात, आणि सणावारी गोठवलेल्या पुरणपोळीवरही भागवितात. त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. परक्या मुलखात, कामाच्या दिवशी, सण ओळखीचा वाटावा एवढे काम ती पोळी करते. आणि इकडे गोव्यात, बेळगावात, बडोद्यात वा इंदुरात ज्यांची मुले दूरदेशी आहेत, अशी वृद्ध मंडळी मोठ्या घरात एकटी जेवताना दिसतात. एका माणसासाठी चूल पेटविण्याचा त्यांस कंटाळा येतो. मग चहात बुडविलेल्या पावावर रात्र निघते. अशा माणसास तयार जेवणाचे एखादे ताट ही चैन नव्हे, तो आधार आहे. अमेरिकेतही एकट्या राहणाऱ्या वृद्धांस या ताटांनी असाच आधार दिला.

म्हणून या वस्तूस सरसकट वाईट म्हणणे मला प्रशस्त वाटत नाही. तिने श्रम वाचविले, ही लहान गोष्ट नव्हे. ताट आपणांस अन्न देते आणि वेळही देते. सोबत देणे त्यास शक्य नाही, आणि तसे वचन त्याने कधी दिलेही नव्हते. आमच्या घरांतून जेवणापूर्वी जी प्रार्थना म्हणतात, तिच्यातील शब्द अनेकवचनी आहेत. एकटा मनुष्य म्हणू लागला तरी 'आम्हांस' असेच म्हणावे लागते. आपल्या पंगतीची रीतही हेच सांगते, की सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कोणी घास उचलू नये. अन्न कोठून आले, चुलीवरून की शीतकपाटातून, हा प्रश्न दुय्यम आहे. वाचलेल्या त्या चार तासांपैकी अर्धा तास तरी घरातील सर्वांनी एकत्र बसण्यासाठी राखून ठेवला, आणि रांधणारी बाईही त्या अर्ध्या तासात सर्वांबरोबर पानावर बसली, तर गोठवलेल्या ताटानेही जेवण चांगले होईल. आणि शेजारी कोणी एकटे जेवत असेल, तर त्यांस आपल्याकडे बोलवावे. आपल्या स्वयंपाकात अजूनही आमटी वाढविता येते.